बेडूक मरत नाही

"पप्पा, माझ्या खड्ड्यांत जाळ्या कोणी लावल्या?"

सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये साठएक मुलं कलकलाट करत होती. त्या सगळ्यांच्या वर एकताचा आवाज गेला. प्रीतम रामटेके तिच्या खुर्चीमागे उभा होता. हात पाठीशी, मान जराशी खाली.

"मीच लावल्या," तो म्हणाला. "चौदा खड्डे होते, बाळा. एकालाही कठडा नव्हता."

स्पर्धा व्हिडिओ गेमची होती. टोपी घातलेला एक बेडूक उड्या मारत झेंड्यापर्यंत पोचतो, एवढाच खेळ. वाटेतली संकटं मात्र आपली आपण रचायची. खड्डे, काटे, फिरत्या करवती, हवं ते हवं तिथे. एका पालकाने आणि एका मुलाने मिळून एक लेव्हल बनवायची, मग सगळ्या मुलांनी एकमेकांच्या लेव्हल खेळून मतं द्यायची. अकरा वर्षांच्या एकताने तीन आठवडे खपून आपली लेव्हल बनवली होती. नाव ठेवलं होतं 'नो मर्सी'. तिच्या आईने, अरुणाने, आपल्याला यातलं काही कळत नाही म्हणून आधीच हात वर केले होते. राहिला प्रीतम. त्याचं काम एवढंच होतं, की काल एकता पोहायला गेल्यावर लेव्हल एकदा तपासायची आणि पाठवून द्यायची.

त्याने तपासली. पण तो बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर होता, आणि तपासण्याची दुसरी तऱ्हा त्याला येत नव्हती. खरं तर त्याने एकच कठडा लावायचा ठरवलं होतं. तो लावला आणि पुढचं टोक उघडं दिसायला लागलं. तिथेही लावला. मग करवतींवर झाकणं बसली, काट्यांवर फळ्या आल्या, खड्ड्यांखाली जाळ्या आल्या. शेवटी झेंड्याजवळ त्याने पिवळी पाटी रोवली: 'वॉक, डोंट रन.'

एकदा पाठवलेली लेव्हल बदलता येत नव्हती.

"नील विल लाफ ॲट मी लाह," एकता म्हणाली. नील तिच्या वर्गातला. त्याच्या लेव्हलमध्ये त्याचा बापसुद्धा अजून झेंड्यापर्यंत पोचला नव्हता.

एकताने आपली खुर्ची ओढत कोपऱ्यात नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. प्रीतमने एकदा हाक मारली. तिने मान वळवली नाही.

'नो मर्सी' खेळायला आलेला पहिला मुलगा दीड मिनिटात झेंड्यापाशी पोचला आणि जांभई देत उठला. दुसरी मुलगी तर खेळताना शेजारणीशी गप्पा मारत होती. तिसरा आला नील.

नील झेंड्याकडे गेलाच नाही. त्याने बेडूक पळवत नेला आणि कठड्यावरून सरळ खड्ड्यात फेकला. जाळीने बेडूक झेलला आणि अलगद वर ठेवला. नीलने पुन्हा फेकला. पुन्हा वर. बेडकाने करवतीला धडक दिली. झाकणावर टण् आवाज झाला, बेडकाने टोपी सारखी केली.

नील मागे वळला. "अंकल, हाऊ टु डाय अह?"

"नो नीड," प्रीतम गंभीरपणे म्हणाला.

हे ऐकून शेजारच्या टेबलावरची दोघं उठून आली. मग त्यांच्या मागची चौघं. थोड्या वेळात रांग दारापर्यंत गेली. झेंडा कोणालाच नको होता. जो तो बेडकाला मारायला बघत होता. कोणी त्याला उलटा पळवला, कोणी पाटीवर चढवून ढकलला. आवाज कमी करा म्हणून सांगायला आलेल्या आयोजक मिसेस लिम स्वतःच कंट्रोलर घेऊन बसल्या. त्यांनाही जमलं नाही. गर्दीच्या मागे कधीतरी एकता येऊन टाचा उंचावून बघू लागली.

नील पुन्हा रांगेतून आला तेव्हा त्याचे डोळे बारीक झाले होते. नवव्या आणि दहाव्या जाळीच्या मध्ये फट होती. अगदी बेडकाएवढी.

प्रीतमलाही ती त्याच क्षणी दिसली. "वेट," तो ओरडला, "थांब, थांब!"

नीलने उडी मारली. बेडूक फटीतून खाली गेला. गर्दीतून वाट काढत एकता पुढे आली आणि तिने बापाचा हात घट्ट धरला. बेडूक पडतच होता.

खाली आणखी एक जाळी होती. बेडूक तिच्यावर आपटला, दोनदा उसळला आणि वर आला.

मुलांनी टेबलं बडवली. नीलने कंट्रोलर खाली ठेवला. "टू नेट्स?"

"ऑलवेज टू," प्रीतम म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

पहिलं बक्षीस दुसऱ्याच एका मुलीला आणि तिच्या वडिलांना मिळालं. मग मिसेस लिमनी सगळ्यांचे आकडे वाचले. नीलच्या लेव्हलमध्ये बेडूक नऊशे बारा वेळा मेला होता. "एकता अँड हर फादर," त्या म्हणाल्या, "फिफ्टी-सेव्हन प्लेअर्स. डेड फ्रॉग्ज, झीरो."

आधी हॉल हसला. मग नील खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवू लागला, आणि त्याच्यामागे सगळी मुलं.

एकताही वाजवत होती. वाजवता वाजवता तिने वर पाहिलं. प्रीतम चष्मा काढून शर्टाला पुसत होता, आणि पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवत नव्हता.

"पप्पा, वी डिडंट विन लाह. रडतोस काय?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "कोणी पडलं नाही म्हणून आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या."