चाखणारी

तिसऱ्या दिवशीही व्हिबियाने उकडलेलं अंडं स्वतःच्या हाताने सोलून खाल्लं आणि बाकीचं ताट तसंच परत पाठवलं. टरफलाच्या आत कोणाला विष कालवता येत नाही.

चौदा वर्षं तिचा प्रत्येक घास आधी ग्लायकाने खाल्ला होता. ग्लायका तिची चाखणारी. तीन दिवसांपूर्वी राजवाड्यातून दोन शिपाई आले आणि तिला घेऊन गेले. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. व्हिबियाला मात्र सांगायला नको होतं. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा, आधीच्या सम्राटाचा, चाखणारा तिनेच फोडला होता, तेव्हा कुठे तिचा ऑलस रोमच्या गादीवर बसला.

म्हणजे आता तिची पाळी. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण त्या भीतीत कुठेतरी बरंही वाटलं. मुलाने तिला वेगळ्या घरात काढलं, त्याला चार वर्षं झाली होती. पूर्वी पहाटे नमस्काराला येणाऱ्यांनी तिचं अंगण भरून जायचं. बडे बडे सरदार दारवानाच्या हातापाया पडायचे. आता म्हातारा डाव्हस दारात एकटाच जांभया देत बसे. ऑलस मात्र आईला अजून भितो, तर!

चौथ्या सकाळी तिने पालखी मागवली आणि थेट राजवाडा गाठला. सम्राट दाढी करून घेत होता.

"मारायचंच असेल तर समोरून मार," ती म्हणाली. "जन्म दिलेल्या आईला चोरून काय मारतोस?"

ऑलसला काही उमजेना. त्याने कारभाऱ्याला बोलावलं. कारभाऱ्याने सांगितलं, धाकट्या युवराजांसाठी एक चाखणारी कमी पडत होती, म्हणून जिथे गरज नव्हती तिथली आणली. एवढ्याशा गोष्टीसाठी सम्राटांना काय विचारायचं?

ऑलस हसला. त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"अगं आई, तुला मारून आता कोणाला काय मिळणार? जा, पोटभर जेव."

परत येताना तिने पालखीचे पडदे ओढून घेतले आणि ती आवाज न करता रडली. भोयांना कळू नये म्हणून तोंडात पदर कोंबला.

डाव्हसने दार उघडलं. चार दिवस त्याचाही जीव टांगणीला लागला होता. सम्राट काय म्हणाले, त्याने भीत भीत विचारलं.

व्हिबियाने डोळे पुसले आणि मान ताठ केली.

"आजपासून दाराला दोन अडसर घाल," ती म्हणाली. "माझा लेक माझ्या जिवावर उठलाय."