हळद कुटायच्या ओळीवर

जिज्ञासा गाता गाता मध्येच थांबली.

मागून सूर धरणाऱ्या बाया थांबल्या. उखळातलं मुसळ थांबलं. पाटावर बसलेली नवरी, कीर्ती, डोळे उघडून बघायला लागली.

थांबली.

अजून थांबलेलीच.

मांडवाच्या कडेला बसलेल्या सखूने मान वर केली. हेंद्रेपाड्यातलं एकही लग्न आजवर तिच्या धवल्याशिवाय, लग्नविधीच्या त्या गाण्याशिवाय, लागलं नव्हतं. यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता निघते ती नुसती कुजबुज. तिच्या जागी आज ही कॉलेजातली पोर उभी होती. सखूच्या मांडीला मांडी लावून एक दिवससुद्धा न बसलेली. उल्हासनगरच्या कॅम्प एकात, जीन्सच्या कारखान्यावरच्या खोलीत, कानात हेडफोन घालून शिकलेली. सखूच्या नातवाने, भावेशने, आजीचे व्हिडिओ नेटवर टाकले होते, त्यांवरून.

"नेट गेलं का गो?" नवरीची आत्या सगुणाबाई म्हणाली. बाया फिदीफिदी हसल्या. "भावेश, लाव रं तुझा स्पीकर. सखूचाच आवाज लाव. म्होरच्या लग्नालाबी तोच. धवलारणीला लुगडं द्यायला नको, का चहा पाजायला नको."

भावेशने स्पीकर जवळ ओढला. बटणावर बोट ठेवून आजीकडे बघितलं.

सखूने मान हलवली. थांब.

कारण पोरगी नुसती थांबली नव्हती. तिने मान डावीकडे वळवली होती. उजवा हात उचलून दोनदा झटकला. मग श्वास घेतला आणि पुढची ओळ अचूक धरली.

हे कुठं बघितलं होतं?

अंगणात. स्वतःच्याच. समोर मोबाइल धरून भावेश, सखू गातेय, आणि बाजूच्या सुपातल्या तांदळावर कोंबडी. पोराचा व्हिडिओ बिघडू नये म्हणून तोंडाने हुश न म्हणता तिने नुसता हात झटकला होता. कोंबडी हलेपर्यंत गाणं थांबलं. व्हिडिओत कोंबडी आलीच नाही. आली ती मान, हात आणि मधली शांतता.

पोरीने तेवढंही सोडलं नव्हतं.

सूर तोच. ओळीच्या शेवटचा हेल तोच. दम घ्यायची जागासुद्धा तीच. सखूचा गेलेला आवाज मांडवाच्या मधोमध उभा राहून गात होता आणि सखू पहिल्यांदाच तो बसून ऐकत होती.

धवला संपला.

"गायली बरी," सगुणाबाई म्हणाली. "पन मधी विसरली ती विसरलीच."

"विसरले नाही मी," जिज्ञासा घाबरत म्हणाली. "आजी थांबतात तिथं. मैंने कितनी बार देखा... म्हणजे, बघितलंय मी. हळद कुटायच्या ओळीवर थांबतात, हात झटकतात. नवरीची नजर काढतात ना तिथं, आजी?"

सगळ्या माना सखूकडे वळल्या.

सखूला हसू आलं. तिने ते गिळलं.

"थांबायचंच आसतं तिथं," ती कुजबुजली. मांडव इतका शांत होता की ते शेवटच्या बाईपर्यंत गेलं. "तुला ठाव नाय, सगुणे? इतक्या लग्नांत जेवलीस."

सगुणाबाईने पदर सारखा केला. "ठाव हाय की. पोरीला ठाव हाय का ते बघत हुते."

भावेशने स्पीकर खुर्चीखाली सरकवला.

हळदीच्या दुसऱ्या फेरीला तोच धवला पुन्हा सुरू झाला. हळद कुटायची ओळ आली.

जिज्ञासा थांबली.

बाया थांबल्या.

मुसळ थांबलं.

सगळ्या मांडवाने मान डावीकडे वळवून हात झटकला. सगळ्यात आधी सगुणाबाईने.

एकट्या सखूचा हात मांडीवरच राहिला. ती पोरीच्या पुढच्या ओळीची वाट बघत होती.