त्यांनी घेतलेलं नको

हर्षालीला कॉलेजात पहिला प्रोग्राम करून दाखवायचा होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकी, बटणं काढायचं तयार सामान मिळतं, त्यातलं कुठलं घ्यावं एवढंच ठरायचं होतं. सोपाननं लेकीला एकच गोष्ट विचारली.

"त्या पप्पूनं कुठलं घेतलंय?"

पप्पू सोपानच्या सख्ख्या भावाचा मुलगा, हर्षालीच्याच वर्गात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटल्याला अकरा वर्षं झाली होती.

"टीकेइंटर. नवख्याला तेच सोपं, अप्पा. मी पण तेच..."

"मग ते सोडून कुठलंबी घे."

"अहो, फुकट मिळतं ते! कुणाच्या बापाचं नाय."

"त्यांचा हात लागलाय ना? मग आपल्याला नको."

हर्षालीनं मग क्यूटी नावाचं दुसरं सामान घेतलं. महिना गेला तरी तिला त्याचा मेळ लागेना. खिडकी उघडायची, पण बटण दाबून काहीच व्हायचं नाही. दाखवायला चार दिवस उरले, तशी पोर भरल्या ताटावरून उठायला लागली. सोपानला ते बघवेना. सकाळी तो तडक बांध ओलांडून भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. पप्पू दचकून बाहेर आला.

"काका! या ना, बसा."

"तुमच्या ओट्यावर बसायला न्हाई आलो. ते टीकेइंटर तू आजच्या आज सोडून दे."

"का? काय झालं?"

"माझ्या पोरीला घ्यायचंय."