गप्पा नकोत

‘या खोलीची मालकीण म्हणे एक अक्षर बोलत नाही,’ बायको मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. ‘ज्याने त्याने हेच लिहिलंय.’

विमानतळावरच्या खुर्च्या माणसाला झोपता येऊ नये अशा बेतानेच बनवलेल्या असतात. दोघं तसल्या दोन खुर्च्यांवर अवघडून बसले होते. एक प्रवास रात्रभर झाला होता, पुढचं विमान संध्याकाळी होतं, आणि मधली दुपार कुठेतरी आडवं होऊन काढायची होती. नवऱ्याने आधी मोठ्या हॉटेलांचे दर पाहिले आणि लगेच न पाहिल्यासारखे केले. मग जवळपासच्या स्वस्त खोल्या निघाल्या. एकीत ढेकूण आहेत असं एक गिऱ्हाईक सांगत होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मते ते ढेकूण नव्हते, डास होते. त्यानंतर ही खोली. स्वच्छ चादरी, गरम पाणी, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. मालकीण दार उघडते, खोली दाखवते आणि नाहीशी होते.

फोटोत पलंग होता. मालकीण नव्हती, तिचं नावही कुठे नव्हतं.

‘घेऊन टाक,’ तो म्हणाला. बायकोने स्वतःच्या नावावर खोली घेतली. घरच्या माणसांशी गप्पा हव्यात का, असा एक प्रश्न होता. तिने ‘नकोत’वर खूण केली.

खरं तर या शहरात त्याची सख्खी आत्या होती. कॉलेजची सगळी वर्षं तो तिच्याकडे राहिला, जेवला, शिकला, आणि नापासही तिथूनच झाला. पण आत्या बोलते. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि तो सुरू झाला की संपत नाही. मागे तिने शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण सांगायला घेतलं होतं. ते पोर एव्हाना शाळेत जात असेल, सांगणं अजून बाळंतपणापाशीच होतं. त्याने यावर उपाय काढला होता. फोन स्पीकरवर टाकून बेसिनच्या कडेला ठेवायचा, दाढी करायची, आणि आत्या श्वास घ्यायला थांबली की ‘हं’ म्हणायचं. हा ‘हं’ वापरून वापरून असा तयार झाला होता की त्याला स्वतःला तिथे हजर राहायची गरज उरली नव्हती.

गेल्या रविवारी मात्र तिने सरळच विचारलं होतं, जाता जाता इथे थांबणार ना रे? त्यावर ‘हं’ चालण्यासारखं नव्हतं. पुढचं विमान लगेच आहे, बाहेर पडताच येत नाही, असं त्याने सांगून टाकलं. वाईट वाटलं. दाढी होईपर्यंत वाटलं.

‘त्यांच्याकडे गेलो असतो तर झोपेच्या नावाने बोंबच होती,’ टॅक्सीत बायको म्हणाली. शिवाय आत्याचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अंतराचा मुद्दा निघाल्यामुळे त्याला बरंच हलकं वाटलं.

इमारत नवी होती. डोक्यावरून विमान गेलं की जिन्याच्या काचा थरथरत होत्या. बायकोने बेल वाजवली.

दार आत्याने उघडलं.

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बुकिंगवर भाचेसुनेचं नाव होतं, आणि आत्याला वाचता येत होतं. तिने चपला काढायची जागा बोटाने दाखवली. खोली उघडून दिली. टॉवेल, पाण्याचा जग, वायफायचा पासवर्ड लिहिलेलं कार्ड. पलंगावर एका बाजूला एक उशी होती, दुसऱ्या बाजूला दोन. त्याला कॉलेजात असल्यापासून दोन लागत.

हातपाय धुऊन येते, असं पुटपुटून बायको बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावून घेतली.

तो बोलायला लागला. विमान ऐन वेळी लेट झालं. फोन करणारच होतो, पण बॅटरी गेली. मग म्हटलं, दुपारची तू पडली असशील. मग म्हटलं, तुला उगाच त्रास. एका कारणाने दुसरं खोटं पडत होतं, तरी त्याला थांबता येईना. शेवटी तो श्वास घ्यायला थांबला.

‘हं,’ आत्या म्हणाली.

त्याच्या कानांना तो आवाज फार ओळखीचा वाटला.

‘घर कधी बदललंस?’ त्याने विचारलं. आत्याचे मिस्टर वारले तेव्हा तो एका विमानाने आला होता आणि दुसऱ्याने परत गेला होता. ते जुन्या घरी. ‘मला कळवलं नाहीस.’

‘सांगितलं होतं, छोट्या. ते विकलं तेव्हा सांगितलं, इथे आले तेव्हा सांगितलं, खोल्या द्यायला लागले तेव्हाही सांगितलं. तू हं म्हणालास.’

छोट्याला टक्कल पडलं होतं आणि त्याचे गुडघे कुरकुरत होते. तो पलंगाच्या कडेवर टेकला. एक उशी होती त्या बाजूला.

शेजारच्या खोलीत कुणीतरी घोरत होतं. आत्याने आवाज खाली आणला. तिला आवाज खाली आणता येतो, हे त्याला आजच कळत होतं. थकूनभागून येतात रे माणसं, ती म्हणाली, त्यांना पाठ टेकायची असते, आपलं पुराण कशाला लावा.

आता माफी मागायची, असं त्याने मनाशी ठरवलं. तोंडातून निघाला तो विनोद.

‘सगळ्यांनी लिहिलंय, मालकीण एक अक्षर बोलत नाही. म्हटलं, अशी कोण बाई आहे बघावं तरी.’

तो एकटाच हसला.

‘नाहीच बोलत,’ आत्या बाहेरून दार ओढून घेता घेता म्हणाली. ‘आठवडाभर साठवून ठेवते. रविवारी तू असतोस ना.’