जॉबला गावी न्यायचं होतं

लाल निशाण वर चढलेलं होतं. त्याच्याखाली तारेचं फाटक, आणि फाटकापुढे अडलेली घोडागाडी. गाडीत जॉब स्टिकलंड या मेंढपाळाची शवपेटी होती. पुढच्या फळीवर त्याची बायको हॅना काळी शाल आवळून बसली होती. शेजारी लगाम धरून जॉबचा भाऊ ईलाय.

"आत जाता येणार नाही," पहाऱ्यावरचा कॉर्पोरल म्हणाला. "आज तोफांचा सराव आहे."

"सराव दुपारी असतो. आत्ता दहा वाजलेत." पेटीमागून तीन मैल चालत आलेले सर राल्फ ट्रेंचफील्ड पुढे झाले. "चर्च इथून दीड मैलावर आहे. फावडी आम्ही बरोबर आणलीत. बाराच्या आत बाहेर पडतो."

"नाव?"

"सर राल्फ ट्रेंचफील्ड. इथला खासदार."

कॉर्पोरलने कागदावर बोट फिरवलं. "यादीत नाही, सर."

"अरे पोरा, ही सगळी जमीन आमची. या गावासाठी माझे पणजोबा पार्लमेंटात बसले, आजोबा बसले, वडील बसले..."

"बसले असतील, सर. पण मला यादी दिलीय."

चार वर्षांपूर्वी सैन्याला सरावासाठी फाटकापलीकडचं हे गाव रिकामं करून हवं होतं. तेव्हा सर राल्फ स्वतः दारोदार फिरले होते. प्रत्येक उंबऱ्यावर एकच सांगितलं होतं, की युद्ध संपलं की परत यायचं, हा माझा शब्द. लोकांनी दारांना कुलपंसुद्धा लावली नव्हती. युद्ध संपून आता अडीच वर्षं झाली. सर राल्फनी सभागृहात तीनदा प्रश्न विचारला होता. तिन्ही वेळा मंत्र्यांनी सर राल्फच्या मतदारांच्या देशप्रेमाचं कौतुक केलं आणि उत्तर न देताच खाली बसले.

कॉर्पोरल खोपटात जाऊन फोन करून आला. त्याचे कान लाल झाले होते.

"कॅप्टनसाहेब म्हणतात, दफनभूमीत न फुटलेले गोळे असतील. पुढच्या महिन्यात अर्ज करा म्हणाले."

"पुढच्या महिन्यात!" ईलाय ओरडला. "तोवर भावाला काय खारवून ठेवू? अरे, त्याची लेक पुरलीय तिथं आत. तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतः पावलं टाकून मोजून ठेवली होती."



सर राल्फनी फाटकाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. एकदा, दोनदा. दांडा कुलपासकट खडखडला. सहासष्टाव्या वर्षी त्यांचा श्वास लगेच चढला.

"नका ना करू असं, सर," कॉर्पोरल हळूच म्हणाला. "मला तुम्हाला धरावं लागेल."

त्यांनी दांडा सोडला. थोडा वेळ ते पलीकडच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग गाडीजवळ आले.

"हॅना, मी उद्याच लंडनला जातो. थेट मंत्र्यांनाच गाठतो. मी तुला शब्द..."

"राहू द्या, मालक." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "ईलाय, वळव गाडी. शेजारच्या गावात पाद्रीबाबांना विचारू, एका माणसापुरती जागा आहे का."

घोडा वळायला तयार नव्हता. हा रस्ता त्याच्या पायांना माहीत होता. ईलायला खाली उतरून त्याचं तोंड धरून फिरवावं लागलं.

सर राल्फ पुन्हा गाडीच्या मागे जायला निघाले, तेवढ्यात हॅनाने फळीवर सरकून जागा केली.

"या, वर बसा. आता चढ आहे, तुम्हाला दम लागेल." आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, मालक?"

ते चढून तिच्या शेजारी बसले. इतकी वर्षं ओळख होती, पण तिच्या शेजारी ते कधी बसले नव्हते.

वळणावर दोघंजण कुंपण छाटत होते. गाडी जवळ येताच त्यांनी कोयते खाली ठेवले आणि टोप्या काढल्या. सर राल्फचा हात सवयीने हॅटच्या काठाला गेला, त्यांनी मान किंचित झुकवलीही. माणसं त्यांच्याकडे नाही, मागच्या पेटीकडे बघत होती.

त्यांनी हॅट काढली आणि मांडीवर ठेवली.