खांद्यावर थाप

पिंगळीतल्या घरी बसून नागेश कंपनीचं कोडिंग करायचा. मोबाईलनं चित्त उडतं, म्हणून तासा-दीड तासाचा टायमर लावून तो मोबाईल ओसरीवर बसलेल्या अण्णांच्या हातात द्यायचा आणि कानाला हेडफोन लावून खोलीत बसायचा. टायमर वाजला की अण्णा आत येऊन खांद्यावर थाप मारायचे. एक शब्द न बोलता. बोललं की तंद्री मोडते, हे त्यानंच त्यांना शिकवलेलं.

आज थाप पडली तेव्हा कोडमधली चूक नेमकी हाताशी आली होती.

"थांबा अण्णा," तो मागं न बघता म्हणाला.

पुन्हा थाप पडली.

"थांबा की वो, लय महत्त्वाचं हाय!"

मग हात खांद्यावर नुसताच टेकला, बराच वेळ राहिला आणि अलगद निघून गेला.

प्रोग्राम चालला. नागेश हसतच बाहेर आला. अण्णा खांबाला टेकून बसले होते. शेजारी माय शेंगा सोलत होती.

"हळू," ती म्हणाली. "मगाधरनं डोळा लागलाय त्यांचा. जागचे हलले बी न्हाईत."

नागेशनं मोबाईल घ्यायला अण्णांची मूठ उकलली. बोटं थंडगार होती. टायमर अजून वाजायचाच होता.