टाचेवरची मेंदी

"सासूबाई लंगडतायत, त्यांचा पाय बघ," हे जावेचं सांगणं सुंदुसने उडवून लावलं होतं. तिला काळजी लेकाच्या बोटांवरच्या चामखिळींची. "तारे मोजल्याने उठल्यात! अंजिराचा चीक लाव," सासू म्हणे. सुंदुसने गाबेस शहरात कातडीचा डॉक्टर शोधला, सासूही सोबत आली. "पोराच्या चामखिळी साध्या आहेत," म्हणत डॉक्टर सासूकडे वळला. "खाला, लंगडता का? चप्पल काढा." सुंदुसला संशय आला, हा दुसरं गिऱ्हाईक गाठतोय. "आम्ही पोरासाठी आलोय!" चप्पल काढताच सासूने पाय आखडला. "ईदची मेंदी आहे, बाबा." "मेंदी सगळीकडून उतरलीय. टाचेवरचा ठिपकाच काळा कसा?" "चामखीळ आहे. मेंदीखाली झाकते." "चामखीळ वाटत नाही. कॅन्सरची तपासणी करावी लागेल." सुंदुसचा आवाज चढला. "कधीपासून लपवताय?" सासू नातवाची बोटं कुरवाळत म्हणाली, "तुला एकच काळजी पुरेशी होती, पोरी."

(शंभर शब्द इथे संपले, पुढचे मोजणीत धरू नका. आपल्या घरातल्या बायका दुखणं सांगत नाहीत, त्यावर मेंदी काढतात आणि "काही नाही गं" म्हणतात. तुमच्याकडे कुणी पाय जपून टाकत असेल, तर आज तेल चोळायच्या निमित्ताने तिची टाच मांडीवर घ्या आणि चांगल्या उजेडात बघा. ती नको म्हणेलच, तरी बघा.)